लग्नाच्या आणि नाटकाच्या एडिटिंगमध्ये स्क्रिप्टकडे काय सोपवायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात तुमच्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग तो करतो, एडिटिंग तुम्ही. उन्हाळ्यात लगीनसराई, दिवाळीनंतर मंडईपासून (म्हणजे गावोगावच्या जत्रेपासून) झाडीपट्टीची, पूर्व विदर्भातली नाटकं. काम एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर चालतं. दरवेळी तेच कार्ड उतरवणं, त्याच फाइली जोडणं, तोच लोगो, तेच एक्स्पोर्ट, यात निम्मा वेळ जातो. स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल, लिहिली की हे आपोआप होतं असं तुम्हाला कोणी सांगितलं. तर प्रोग्रामिंग शिकावं लागेल का, एडियस सोडावं लागेल का, आणि जुन्या संगणकावर हे जमेल का?

एडियस सोडू नका. वापरणाऱ्याने स्क्रिप्ट लिहून टाइमलाइन (क्लिपा ओळीने लावायची पट्टी) हलवावी अशी सोय त्यात नाही हे खरं, पण तुमचा वेळ खाणारं काम टाइमलाइनवर नाहीच. ते एडियस उघडण्याच्या आधी आणि बंद केल्यानंतर आहे. मागच्या लग्नाचं काम आठवून एका कागदावर ओळीने लिहा: कार्ड काढलं, फोल्डर केला, कॉपी केलं, नावं बदलली, आणि असंच शेवटी पेनड्राइव्ह देईपर्यंत. मग प्रत्येक ओळीसमोर एकच गोष्ट बघा, हे करताना मला चित्र बघून काही ठरवावं लागतं का? वरातीतला कोणता नाच ठेवायचा, मंगलाष्टकांत कोणाचा चेहरा घ्यायचा, तिथे ठरवावं लागतं. ते तुमचं काम. बाकीच्या ओळी स्क्रिप्टच्या. माझ्या अनुभवात मधल्या कामाला स्क्रिप्ट लावायला जाणारे लोक कंटाळून सोडतात, आणि कडेची कामं सोपवणारे पुढच्याच सीझनला सुटतात.

या कडेच्या कामांसाठी मुख्य अवजार एकच, एफएफएमपेग. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली ते सुरू केलं, फुकट आहे, आणि व्हिडिओची कितीतरी सॉफ्टवेअरं आतून तेच वापरतात. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या स्क्रीनवर कमांड द्यायची. ती कमांड नोटपॅडमध्ये लिहून बॅच फाइल म्हणून सेव्ह केली की झाली स्क्रिप्ट. डेस्कटॉपवर तिचं चिन्ह ठेवायचं आणि व्हिडिओची फाइल किंवा फोल्डर त्यावर ओढून सोडायचा, एवढंच काम हाताला उरतं. प्रोग्रामिंग लिहिता नाही आलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. कोणती ओळ काय करते एवढं कळण्यापुरतं.

तयार कमांड मी इथे देत नाही, कारण तुमचे कॅमेरे आणि फाइली बघितल्याशिवाय दिलेली कमांड हमखास अडते. काय करून घ्यायचं आणि कुठे फसतं ते सांगतो.

कार्ड उतरवणं आधी. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची कमांड आहे. अर्धवट राहिलेली कॉपी पुन्हा चालवली तर झालेल्या फाइली सोडून पुढून सुरू करते. स्क्रिप्टने तारीख आणि कॅमेऱ्याच्या नावाचा फोल्डर करावा, दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करावी आणि शेवटी दोन्हीकडच्या फाइलींचा हॅश काढून कार्डाशी जुळतो का ते दाखवावं. हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा आकडा, एक बिट जरी बदलला तरी तो बदलतो. विंडोजच्याच पॉवरशेलमध्ये तो काढायची सोय आहे. डिलीट करण्याची ओळ मात्र कोणत्याही स्क्रिप्टमध्ये ठेवू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, हाताने, दोन्ही कॉप्या डोळ्यांनी बघून. लग्न पुन्हा लागत नाही.

आता नाटक, कारण तुमचा जास्त त्रास तिथेच दिसतो. पडदा रात्री दहा-अकराला उघडतो आणि खाली येईपर्यंत पहाट होते. सहा तासांचं नाटक दोन कॅमेऱ्यांनी सेकंदाला ५० मेगाबिटवर घेतलं तर २७० जीबी होतं. शिवाय कॅमेरा एक सलग फाइल देत नाही. एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीच्या वर फाइल बसत नाही, म्हणून ५० मेगाबिटला दर अकरा मिनिटांनी नवीन फाइल सुरू होते. सहा तासांच्या एका कॅमेऱ्याच्या तीसवर फाइली. त्या एकेक करून टाइमलाइनवर ओळीने लावणं हे खास स्क्रिप्टचं काम.

इथे एक बारकावा आहे. एमटीएस फाइली देणारा हँडीकॅम असेल, तर तो सलग चाललेला प्रवाह मधूनच तोडून पुढच्या फाइलीत टाकतो. अशा फाइली सुट्या सुट्या एडियसमध्ये घेतल्या की सांध्यावर आवाजाला किंचित खंड पडतो, आणि नेमका तो ऑर्गनच्या लांब सुरावर आला तर सगळ्यांना ऐकू येतो. या फाइली आधी नुसत्या एकीला एक चिकटवायच्या, बायनरी कॉपी करून. विंडोजच्या साध्या कॉपी कमांडला बायनरीचा पर्याय आणि फाइलींमध्ये अधिकचं चिन्ह दिलं की हे होतं, एफएफएमपेगचीही गरज नाही. एमपीफोर फाइलींना मात्र हे चालत नाही. त्या एफएफएमपेगच्या कॉनकॅट या जोडणीच्या सोयीने जोडायच्या. एका टेक्स्ट फाइलमध्ये क्रमाने फाइलींची नावं, आणि कोडेक कॉपीचा पर्याय. कॉपी म्हटल्यावर पुन्हा एन्कोडिंग होत नाही, दर्जा तसाच राहतो, आणि वेळ फक्त डिस्कवर लिहायला लागतो. अट एवढीच की सगळ्या फाइली एकाच कॅमेऱ्याच्या, एकाच सेटिंगच्या हव्यात. भावाने मध्यंतरात फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) बदलला असेल तर जोड दिसायला नीट होते, आणि पुढे आवाज ओठांच्या मागे-पुढे पळत सुटतो. म्हणून जोडण्याआधी एफएफएमपेगसोबतच येणाऱ्या एफएफप्रोबने प्रत्येक फाइलचा फ्रेमरेट आणि आकार वाचून, एक जरी वेगळी निघाली तरी स्क्रिप्टने थांबावं असं लिहून घ्या.

मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेत असाल तर आणखी एक. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. सुरुवातीला टाळी जुळवली तरी पहाटेपर्यंत ओठ आणि शब्द यांत फरक दिसायला लागतो. यावर स्क्रिप्ट शोधू नका. अंकाअंकाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा नव्याने जुळवा. तुकडे करण्याचं काम स्क्रिप्टचं, जुळलं की नाही हे बघायचं तुमचं.

लग्नात नातेवाइकांच्या मोबाईलवरचे तुकडे येतात, ते थेट एडियसमध्ये घेऊच नका. मोबाईल ३० फ्रेम म्हणतो खरा, पण उजेड कमी-जास्त झाला की फ्रेमरेट खाली-वर होतो. त्याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात, आणि अशा क्लिपचा आवाज लांबीप्रमाणे सरकत जातो. मोबाईलच्या क्लिपांसाठी एक वेगळा फोल्डर आणि एक स्क्रिप्ट: सगळ्या क्लिपा ठराविक २५ फ्रेमवर, आवाज ४८ किलोहर्ट्झवर, आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र राहील अशा एच२६४ या व्हिडिओ प्रकारात. शेवटच्या गोष्टीने फाइल फुगते, पण जुन्या संगणकावर टाइमलाइन अडखळत नाही. ३० चे २५ करताना फ्रेम गळतात आणि चालत्या वरातीत हलका झटका दिसतो, तो राहणारच. भाऊ स्वतः मोबाईलवर शूट करत असेल तर त्याला ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप घ्यायला सांगा, त्यात २५ फ्रेम निवडता येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की मांडवातल्या ट्यूबलाइटचे पट्टेही जातात.

आवाजाच्या पातळीसाठी एफएफएमपेगमध्ये लाउडनॉर्म नावाचा फिल्टर आहे. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स हे ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळीचं माप) खाली आणतं, तेव्हा तेच लक्ष्य धरा. ते दोन फेऱ्यांत करा: पहिल्या फेरीत फक्त मोजायचं, दुसरीत ते आकडे देऊन बदलायचं. एका फेरीत केलं तर ते चालता चालता आवाज खाली-वर करतं, आणि नाटकात गाण्यानंतरच्या शांत संवादात मागचा पंखा आणि प्रेक्षकांतलं रडतं लेकरू वर येतं. आवाज ४८ किलोहर्ट्झवरच बाहेर काढायला सांगा, नाहीतर लाउडनॉर्म तो आतल्या आत भलत्याच वरच्या दरावर नेऊन ठेवतो. हे सगळं करताना व्हिडिओ कॉपीवर ठेवता येतो, म्हणजे सहा तासांच्या फाइलीतही चित्राला हात लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ वाचतो तो नाटकाचे प्रवेश आणि गाणी सुटी करण्यात. मंडळाला यूट्यूबसाठी तुकडे हवे असतात (मंडळाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय स्वतःच्या चॅनेलवर टाकू नका, हे सांगायला नको). माझी पद्धत अशी. एडियसमधून पूर्ण नाटकाचा एकच मास्टर काढतो, त्यात दर सेकंदाला कीफ्रेम (पूर्ण साठवलेलं चित्र) ठेवतो, म्हणजे २५ फ्रेमला एक. मग एक्सेलमध्ये एक तक्ता. पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात सुरुवात, तिसऱ्यात शेवट, चौथ्यात नाव. समजा एक ओळ अशी: ०७, मग १ तास १२ मिनिटं ४० सेकंद, १ तास १८ मिनिटं ०५ सेकंद, आणि ‘अंक दुसरा, बहिणीचा प्रवेश’. हा तक्ता नाटक बघता बघता भरला जातो, चहा पिता पिता. स्क्रिप्ट एकेक ओळ वाचते, तेवढा तुकडा कापते, पुढच्या ओळीवर जाते. कोडेक कॉपीने कापलं तर कट कीफ्रेमवरच बसतो, म्हणून कीफ्रेम जवळ जवळ हव्यात, नाहीतर तुकडा दोन-चार सेकंद आधीच सुरू होतो आणि आधीच्या नटाचं अर्धं वाक्य चिकटून येतं. तुकड्यांवर लोगो हवा असेल तर चित्राचं पुन्हा एन्कोडिंग होणारच. मग कापणं, लोगो आणि आवाज हे तिन्ही एकाच कमांडमध्ये करून घ्या. तीनदा एन्कोड केलेल्या चित्रात मागच्या पडद्यावरचा जंगलाचा देखावा चिखल दिसायला लागतो.

याच तक्त्यात मराठी आडवी येते, आणि दोनदा. तुमच्याकडे पत्रिका आणि फ्लेक्सचं काम होत असेल तर नावं कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली असतील. त्या फाँटमध्ये दिसायला मराठी असते, पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. स्क्रिप्ट पोटातलं वाचते, मग पडद्यावर कचरा उमटतो. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि एक्सेलमधून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्या. दुसरं, बॅच फाइलला मराठी फाइलनावं बऱ्याचदा पचत नाहीत. फाइलला नुसता क्रमांक द्या, मराठी नाव तक्त्यातच राहू द्या आणि यूट्यूबवर टाकताना तिथून घ्या. फोल्डरच्या नावात मोकळी जागाही सोडू नका. सोडलीच तर स्क्रिप्टमध्ये पत्त्याभोवती अवतरणचिन्हं लागतात.

पडद्यावर मराठी नावाची पट्टी उमटवायची असेल तर एफएफएमपेगच्या ड्रॉटेक्स्ट या अक्षरं उमटवायच्या फिल्टरच्या नादी लागू नका. जुन्या आवृत्त्यांत ते जोडाक्षरं मोडतं आणि वेलांटी भलत्या बाजूला टाकतं. त्याऐवजी एएसएस प्रकारची सबटायटल फाइल करायची आणि ती चित्रात कायमची उमटवून घ्यायची. तिच्यात अक्षरजोडणी नीट होते, फाँट, रंग, जागा सगळं ठरवता येतं, आणि ती टेक्स्ट फाइल असल्याने स्क्रिप्टच तक्त्यावरून तयार करून देते. पात्रपरिचयाच्या पट्ट्या अशा निघतात. लग्नातल्या नवरदेव-नवरीच्या नावाचं टायटल मात्र एडियसमध्येच करा, तिथे लोकांना झगमगाट लागतो.

आता लाईनचं. आपल्याकडे वारा सुटला की लाईन जाते, आणि यूपीएस रात्रभराचं एक्स्पोर्ट ओढत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. पहिली, तयार होणारी फाइल आधी वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये लिहायची, आणि कमांड यशस्वी संपल्यावरच तिला खरं नाव द्यायचं. दुसरी, कोणताही तुकडा सुरू करण्याआधी त्या खऱ्या नावाची फाइल आहे का बघायची, असेल तर पुढे जायचं. लाईन आली की स्क्रिप्ट पुन्हा दोनदा क्लिक करायची, ती राहिलेल्या ठिकाणाहून चालते. हे नसेल तर घोटाळा असा होतो की अर्धवट एमपीफोर फोल्डरमध्ये चांगल्या नावाने पडून राहते. एमपीफोरची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मधेच तुटलेली फाइल आकाराने मोठी दिसते आणि उघडत नाही, आणि ते गिऱ्हाइकाच्या घरी कळतं. लांब काम असेल तर मधली फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवा. ती तुटली तरी तिथपर्यंतचं वाचतं, नंतर एमपीफोरमध्ये कॉपी करायला फार वेळ लागत नाही.

पेनड्राइव्ह देणं हेही याच यादीतलं. ‘भाऊ, टीव्हीवर लागूनच नाही राहिलं’ हा फोन बंद करायचा असेल तर पेनड्राइव्हसाठी एकच ठरलेली स्क्रिप्ट ठेवा: एच२६४, ८ बिट, आवाज एएसी, आणि पेनड्राइव्ह एफएटी३२. एचईव्हीसी (एच२६४ नंतरचा प्रकार) आणि १० बिट गावाकडच्या जुन्या टीव्हींना झेपत नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच टीव्हींना एक्सफॅट ही फॉरमॅटची नवी पद्धतही वाचता येत नाही. एफएटी३२ म्हणजे पुन्हा ती ४ जीबीची मर्यादा. ८ मेगाबिटला त्यात सुमारे ७० मिनिटं मावतात. तीन तासांचं लग्न एका फाइलीत कोंबायला गेलात तर ३ मेगाबिटवर यावं लागतं, आणि मग अक्षता पडताना चित्राचे चौकोन होतात. हळद, लग्न, आहेर असे भाग वेगळे द्या, लोकांनाही तेच सोपं जातं. आहेराचा भाग तर अख्खा गाव स्वतःला शोधायला बघतो. मोबाईलवर पाठवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि दर्जा मार खात नाही.

बाकीच्या सॉफ्टवेअरांबद्दल दोन शब्द. दा विंची रिझॉल्व्हमध्ये पायथन आणि लुआ या भाषांत स्क्रिप्ट चालते: क्लिपा घेणं, टाइमलाइन करणं, रेंडरची रांग लावणं. फुकट आवृत्तीत ती रिझॉल्व्हच्या आतून चालवता येते, बाहेरून चालवायला पैशाची स्टुडिओ आवृत्ती लागते. पण रिझॉल्व्हला चांगलं ग्राफिक कार्ड हवं, आणि नुसत्या स्क्रिप्टसाठी तेवढा खर्च मी करणार नाही. प्रीमियरमध्येही स्क्रिप्टची सोय आहे, ती तुमच्या कामाची नाही. एडियसमध्ये एकाच क्रमाने चार-पाच बटणं सारखी दाबावी लागत असतील तर ऑटोहॉटकी नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती एका बटणावर आणून देतं, फक्त ते चालू असताना माउसला हात लावायचा नाही. आणखी एक वाट आहे. एडियस ईडीएल फाइल घेतं. ती साधी टेक्स्ट फाइल असते, कोणती क्लिप कुठून कुठपर्यंत एवढंच तिच्यात असतं. म्हणजे वरच्यासारख्या तक्त्यावरून स्क्रिप्ट कच्ची टाइमलाइन बनवून एडियसला देऊ शकते. हे दुसऱ्या सीझनला करा, आत्ता नको. शांतता आपोआप कापणारी अवजारंही आहेत, पण नाटकातला थांबा आणि रिकामा वेळ यांतला फरक त्यांना कळत नाही. मराठी बोलण्यावरून आपोआप सबटायटल काढून देणारी अवजारं शहरी निवेदनावर बरी चालतात, झाडीबोलीवर इतकी चुकतात की हाताने टाइप करणं लवकर होतं.

स्क्रिप्ट लिहायची कोणी? आजकाल एआय चॅटला मराठीत सांगितलं तरी ते बॅच फाइल लिहून देतं, आणि या कामांपुरती ती बरीच बरोबर असते. सांगताना फाइलींचा प्रकार, फोल्डरचा पत्ता, आणि काय झालं तर थांबायचं, हे तिन्ही सांगा. आलेली स्क्रिप्ट पाच-सहा छोट्या क्लिपांच्या कॉपीवर चालवा, खऱ्या फोल्डरवर नाही. तिच्यात डिलीटची, मूव्हची किंवा जुन्या फाइलीवर न विचारता लिहिण्याची ओळ दिसली तर ती आधी काढायला लावा. एफएफएमपेगला तर विचारल्याशिवाय जुनी फाइल पुसायची परवानगी एका अक्षरात देता येते, आणि एआय ते अक्षर सवयीने टाकतं. नमुन्यादाखल एक-दोन फाइलींची कमांड काळ्या स्क्रीनवर चालते आणि तीच बॅच फाइलमध्ये चालत नाही, असं झालं तर आधी टक्क्याचं चिन्ह बघा. बॅच फाइलमध्ये ते बहुतेक ठिकाणी दोनदा लिहावं लागतं.

जुन्या संगणकाचं म्हणाल तर कॉपी आणि जोडणी यांना प्रोसेसर फारसा लागतच नाही, वेग डिस्कवर ठरतो. खर्च करायचाच असेल तर एसएसडीवर करा. एन्कोडिंगला वेळ लागतो, पण २०११ नंतरच्या बहुतेक घरगुती इंटेल प्रोसेसरमध्ये क्विक सिंक, म्हणजे एन्कोडिंगसाठीचा वेगळा भाग, असतं. एफएफएमपेगला ते वापरायला सांगितलं की काम कितीतरी लवकर होतं. त्याच बिटरेटला चित्र किंचित कमी पडतं, म्हणून एक-दोन मेगाबिट जास्त द्या. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर नवीन एफएफएमपेग ते ओळखत नाही असंही होतं, तेव्हा आवृत्ती थोडी जुनी घ्या. मे महिन्यात दिवसा रेंडर लावू नका, ४५ अंशांत प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कॅबिनेट उघडून धूळ काढा, स्क्रिप्ट रात्री जेवण झाल्यावर लावा, आणि एका वेळी एकच काम चालू द्या. सध्या फक्त कार्ड उतरवायची आणि पेनड्राइव्हची, अशा दोन स्क्रिप्ट करून घ्या. नाटकांची जोडणी मंडई लागायच्या आधी, मागच्या सीझनच्या फाइलींवर बसवा. तिथे अडलात तर स्क्रीनवर आलेली चूक जशीच्या तशी कॉपी करून पाठवा, फोटो नको.